निजलेला उतार

आमच्या घरात जमीन पडीक नसायची, निजलेली असायची. सुप्याकडच्या डोंगरात आमची कुमरी होती. झाडी तोडून जाळायची, राखेत नाचणी पेरायची आणि दोन पिकं घेतली की तो उतार सोडून द्यायचा. मग सहा वर्षं तो निजायचा. तिथून जाताना आई आम्हां भावंडांना गप्प करायची आणि आम्ही चवड्यांवर चालायचो. झुडपांतून मला उताराचा श्वास ऐकू यायचा, अगदी खरं सांगतो.

पुढे मामाकडे खानापूरला शिकलो. पुस्तकी मराठी आली, कानडी आली आणि सोबत दीडशहाणपणही आलं. तोंडून ‘हाय’, ‘न्हाई’ गेलं की जीभ चावायचो. अठराव्या वर्षी सुटीत घरी आलो, तर उतारावर मला नुसतं रान दिसलं. एक शेत आणि एक रान, माझ्या नव्या शब्दांत तिसरं काही उरलंच नव्हतं.

त्याच सुटीत सरकारी रानाची हद्द ठरवायला साहेब आला. त्याचा कारकून धारवाडकडचा, कानडी बोलणारा. वडील वारले होते म्हणून आई पुढे झाली. तिला बाजारापुरती कानडी येई, पण जमिनीचं बोलायचं म्हटल्यावर ती आपल्याच बोलीवर आली. दुभाषा मी.

“उतार आमचा हाय,” ती म्हणाली. “निजलाय. चौथं वरीस हाय. आणिक दोन वरसांनी उठंल. तवर हात लावू नगा म्हणावं.”

साहेबापुढे हे माझ्या तोंडून निघेना. कारकून हसेल, अडाण्याचं पोर म्हणेल, याचीच धास्ती. मला माझ्या आईची लाज वाटली. मी कानडीत सांगितलं, “रान आहे. चार वर्षांत कुणी पेरलेलं नाही.” कारकुनानं तसं लिहून घेतलं. हद्दीचा दगड उताराच्या खाली, आमच्या अंगणाच्या बाजूला रोवला गेला आणि उतार सरकारी रानात जमा झाला.

“समदं सांगितलंस न्हवं?” परतताना आईनं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडी आला, आणि आला तो खोटं बोलायला.

आज म्हातारपणी डोळे मिटले की तो उतार आईच्या बोलीतच दिसतो. पुस्तकी मराठीत आठवू गेलो तर पुन्हा रानच. आणि लिहितो आहे ते याच मराठीत. लाज वाटते, दुसरं काय.

आईनं त्या दगडाचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. सरकारनं उताराला राखण ठेवली, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगे. त्यांची गुरं तिकडे गेली तर हाकलून लावी.

दोन वर्षांनी, झाडी तोडायच्या दिवसांत, तिनं कोयत्याला धार लावली आणि शिंक्यावरून नाचणीच्या बियाण्याचं गाठोडं उतरवलं.

“बाळा, सायबास्नी कागद लिही,” ती म्हणाली. “उतार उठलाय. राखण केलीसा, लई उपकार झालं म्हणावं. आता दगड काढा.”

मी कागद घेतला आणि तिच्यासमोर लिहायला बसलो. तिला वाचता येत नव्हतं.