उचकी: प्रवेश सुरू

लातूरच्या बाहेर कुठंही गेलो आणि गावाचं नाव सांगितलं, की समोरचा माणूस दोनांपैकी एकच गोष्ट विचारायचा. वयस्कर असेल तर चेहरा पाडून, "भूकंपात तुमच्या घरचं कुणी...?" आणि घरात दहावीचं पोरगं असेल तर डोळे चमकवून, "क्लास कोणता चांगला हो?" या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन मी थकलो होतो. लातूरला तिसरी काहीतरी ओळख हवी, आणि ती मी असावी, असं माझं नम्र मत होतं.

म्हणून मी ब्लॉग काढला. ब्लॉगचेच दिवस होते ते. ज्याला ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, तो ब्लॉग लिहीत होता.

मला मात्र एकेकाळी ऐकणारे होते. भूकंपानंतर शहरातली माणसंसुद्धा कितीतरी दिवस घरात झोपायला धजत नव्हती. सगळी गल्ली रस्त्यावर बाजा टाकून पडलेली असायची. तिकडं खेड्यांत काय झालं होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्यावर कुणालाच बोलवत नव्हतं. मग मी दुसरंच काहीबाही बोलायचो. ऑफिसच्या गणपतीत मी खलनायक करायचो, मरायला इतका वेळ घ्यायचो की पडदा ओढणारा चहा पिऊन यायचा. तोच आवाज लावून मी गल्लीला किस्से सांगायचो. पुढं भीती ओसरली, माणसं घरात गेली, दारं लावून घेतली. मी बोलतच राहिलो.

ब्लॉगचं नाव मी ठेवलं 'उचकी'. खाली ओळ: 'कोणीतरी आठवण काढतंय.' नांदेडहून माझा मेव्हणा फोनवर म्हणाला, "दाजी, भूकंप ठेवा की नाव. एका झटक्यात फेमस."

बायकोनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "भूकंपावर धंदा करतो का रे? तुझ्या जिभेला हाड हाय का?" आणि फोन ठेवून दिला. ती नांदेडची. माहेरच्या माणसाशी ती फार थोडक्यात बोलते.

आता खरी अडचण सांगतो. मी लिहायचो ती आमच्या घराची पुढची खोली. रस्त्यावर खिडकी, हवा खेळती, टेबल माझं. आणि आमच्या गल्लीत त्या काळी दोनच प्रकारची घरं उरली होती: ज्यांनी क्लासच्या पोरांना खोल्या दिल्या होत्या ती, आणि ज्यांची बायको रोज त्यावरून बोलत होती ती.

"त्या खोलीत चार कॉट बसतात," बायको म्हणाली.

"तिथं साहित्य चालतं."

"कोण वाचतं?"

वाचक तिघं होते. एक मेव्हणा. एक मी. आणि तिसराही मीच, वेगळ्या नावानं. तो माझी फार स्तुती करायचा.

शेवटी तिनं अट घातली. "दहावीचा निकाल लागला की पोरं खोल्या शोधत येतात. तोवर एक तरी अनोळखी माणूस आपल्या दारात येऊन तुमच्या त्या उचकीचं नाव घेऊ द्या. खोली तुमची. न्हाई आला, तर कॉट."

मी तडक फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

लातुरात ज्याचा फ्लेक्स नाही तो जन्मला की नाही याचीच शंका घेतात. दुकानदार माझ्याच वयाचा, कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसलेला. चष्मा बघून त्यानं मला लगेच सर केलं.

"बोला सर. कोणता विषय?"

"ब्लॉग."

"नवीन निघाला का? बायोलॉजीत येतो का फिजिक्समध्ये?"

मी समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, मान डोलावली आणि कोचिंग क्लासचं डिझाइन उघडलं, कारण त्याच्याकडे दुसरं डिझाइनच नव्हतं. उगवता सूर्य, वर जाणारा बाण, आणि मधोमध गोल चौकटी. "विद्यार्थ्यांचे फोटो द्या सर."

"विद्यार्थी नाहीत. वाचक आहेत."

"वाचकांचे द्या."

मी मेव्हण्याचा फोटो दिला. लग्नातला, फेटा बांधलेला. दुकानदारानं तो मधल्या चौकटीत बसवला आणि थांबला. "टक्के?"

"त्याला टक्के नाहीत. तो गणितात दोनदा नापास आहे."

"सर, फोटोखाली टक्के न्हाईत, हे बरं दिसत न्हाई. लोकांना वाटंल वारला."

मुद्दा बिनतोड होता. मेव्हण्यानं माझे सगळे लेख वाचले होते, तेव्हा न्यायानं त्याला शंभर टक्के दिले. खाली दुकानदारानं माझ्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत टाकला, ब्लॉगचा पत्ता मुंगीएवढ्या, आणि मी न सांगताच तळाशी लाल पट्टीत 'प्रवेश सुरू' लिहिलं.

"हे कशाला?"

"हे त्याच्याशिवाय छापूनच येत न्हाई सर."

मला ते आवडलंच. माझ्या साहित्यात सर्वांना प्रवेश! फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी, विजेचा खांब आणि कडुनिंब यांच्या मध्ये चढला. मेव्हणा स्वतःचा फोटो बघायला मुदखेडची एक मयत टाळून लातूरला आला. फ्लेक्सखाली उभा राहून त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना इतका वेळ तोंड दाखवलं, की शेवटी एका रिक्षावाल्यानं त्याला नमस्कार केला.

आणि निकाल लागला.

सकाळी दारात एक गृहस्थ उभे. सोबत मुलगी, पत्र्याची पेटी, गादीची वळकटी. "उचकी हेच का हो?"

मी बायकोकडं बघितलं. खलनायक मरायच्या आधी जसं प्रेक्षकांकडं बघतो, तसं. "हाव हाव, हेच! या की आत!"

"धर्माबादहून आलो. फ्लेक्स बघितला. नाव जरा येगळं वाटलं, पण म्हटलं, नाव असलं असून बी चालून राहिलंय म्हणजे क्लास लई भारी आसंल. फिजिक्सला कोण हाय?"

माझा आनंद हळूहळू खुर्चीत बसला. मी म्हणालो, "अहो, हा क्लास नाही."

गृहस्थांचा चेहरा पडला. "बॅच फुल्ल झाली?"

"बॅच नाहीच. मी गोष्टी लिहितो."

"सगळे मोठे सर आधी न्हाईच म्हणतात. एक पोरगी बसवा की कोपऱ्यात. लई शांत हाय. तिचा तुम्हाला आवाजच येणार न्हाई."

लातुरात क्लासवाल्यानं नाही म्हटलं, की त्याचा भाव वाढतो. मी जितका नाकारत गेलो, तितके ते हात जोडत गेले. तेवढ्यात अजून आमच्याकडंच मुक्कामाला असलेला मेव्हणा टॉवेलनं डोकं पुसत न्हाणीघरातून बाहेर आला. गृहस्थ ताडकन उठले.

"हे तर शंभर टक्केवाले! पाया पड गं!"

मुलगी वाकली. मेव्हण्याच्या पाया आजवर कुणी पडलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लग्नातही नाही. तो गहिवरला.

"किती अभ्यास करायचे हो तुम्ही?" गृहस्थांनी विचारलं.

"पहाटेच उठायचो," मेव्हणा म्हणाला. "गणिताची तर मला आवडच होती. एकदा परीक्षा देऊन समाधान होत नव्हतं."

मुलगी मात्र मघापासून खिडकीतून बाहेर फ्लेक्सकडं बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, येताना मी वाचलं, खाली बारीक अक्षरात वेबसाइट लिहिली हाय. काका खरं बोलून राहिले. हे गोष्टीचंच हाय."

गृहस्थ मटकन बसले. त्यांनी माझ्याकडं, मग मेव्हण्याकडं, मग फेट्याच्या फोटोच्या दिशेनं बघितलं. "गोष्टी... सीईटीला येतात का?"

"नाही."

"मग?"

मी पुन्हा बायकोकडं बघितलं.

बायकोनं चुरमुऱ्याच्या सुशीलाच्या ताटल्या आणून ठेवल्या. मुलगी अशी जेवली, जणू पेटीपेक्षा भूकच जड आणली होती. बायको तिच्याकडं बघत होती. "क्लास चौकात ढिगानं हायत, हा माझा भाऊ नेऊन दाखवील," ती म्हणाली. "राहायला पलीकडच्या घरी मावशींकडं जागा हाय. पण लेकराच्या जेवणाचं काय?"

"तीच तर चिंता हाय ताई. तिची माय रडूनच राहिली घरी."

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी तयारीनं गेलो. "माणूस अनोळखी होता. नाव घेऊन आला. अट पुरी झाली."

"झाली," ती म्हणाली. "खोली तुमची. मी शब्द फिरवत न्हाई. पण मला ते नाव द्या."

"कोणतं?"

"उचकी. मागच्या पडवीत मेस काढते. घरापासून दूर आलेलं लेकरू, जेवताना उचकी लागली की म्हणंल, माय आठवण काढून राहिली. तुम्हाला ते नाव कशाला पायजे? तुमची आठवण कोण काढतंय?"

मी नाट्यपूर्ण शांतता धरली. ती तेवढ्या वेळात भाजी परतून मोकळी झाली. खिडकी, टेबल, खेळती हवा आठवली आणि मी नाव देऊन टाकलं.

फ्लेक्सवाल्यानं त्याच फ्लेक्सवर नावापुढं 'मेस' एवढी चिकटपट्टी लावली. 'प्रवेश सुरू' होतंच. मेव्हण्याचा फोटो काढू दिला नाही, मेव्हण्यानंच. पोरांना वाटायचं, या माणसाला इथलंच जेवून शंभर टक्के पडले. निलंग्यापासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं उचकी शोधत यायला लागली. मी शोधत होतो तो ब्रँड झाला, फक्त पिठलं-भाकरीचा झाला.

खोली शब्दाप्रमाणं माझीच राहिली. पण पडवीत एका वेळी एकच पंगत बसते, म्हणून दुसऱ्या पंगतीची पोरं माझ्या खोलीत थांबतात. भुकेलेला माणूस पळून जात नाही. मी त्यांना ब्लॉग वाचून दाखवतो, आवाज लावून, हातवारे करून. गोष्ट रंगात येते आणि आतून हाक येते, "बसा रे!" की खोली रिकामी.

"काका, पुढचं जेवून आल्यावर ऐकतो," असं प्रत्येक जण म्हणतो. हात धुवायचा नळ मागच्या दाराला आहे. जेवलेलं कुणीही आजवर पुढच्या दारानं परत आलेलं नाही.

त्यामुळं माझ्या गोष्टी आता भाकरी भाजून होईपर्यंत संपतात. परवा मी एक लांबवायला लागलो, तर बायको तव्यापासून ओरडली, "आटपा! पहिली पंगत उठली!" मग खलनायक मी एका वाक्यात मारला.