सव्वीस तासांचे दोन तास

बिराजदार मामांची कॉलर तेवढी कुणी धरली नव्हती. बाकी सगळं झालं होतं. साखर कारखान्याच्या यार्डात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधोमध, पन्नासेक ड्रायव्हर आणि शेतकरी त्यांना घेरून उभे होते. पुढे नायगावकडचा बालाजी होता, आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच.

"कालपासून उभा हाय मी! ऊस वाळून चिपाड झाला, आन् तुमच्या गावची गाडी आली की थेट गव्हाणीवर?"

गव्हाण म्हणजे ऊस जिथे रिकामा होतो आणि तिथून मिलमध्ये जातो ती जागा. मामा यार्ड सुपरवायझर. गव्हाणीवर पुढची गाडी कुठली घ्यायची, ते मामा माइकवरून पुकारणार. उभी हयात त्यांनी हेच काम केलेलं. यार्डाचा नियम एकच, शिळा ऊस आधी. जो जास्त वेळ थांबला, त्याचा नंबर पहिला.

मी लातूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर आहे. दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेले प्रोग्रॅम सांभाळणं हे माझं काम. म्हणजे लग्न एकाचं, वऱ्हाड सांभाळायचं आम्ही. त्या दिवशी सकाळी आमच्या सय्यद सरांचा फोन आला. "मॅडम, कारखान्यावर जाऊन या. जरा गडबड हाय म्हणून राहिलेत." जरा!

जनरल मॅनेजरांनी मला गर्दीतून काट्याच्या केबिनमध्ये नेलं. काटा म्हणजे जिथे गाडीचं वजन होतं तो वजनकाटा. कम्प्युटर आणि मामांचा माइकही तिथेच. मामा मागून आले आणि कोपऱ्यात उभे राहिले.

"हे बघा," साहेब म्हणाले, "आम्ही या सीझनला बोर्ड बसवला. कोण किती वेळ थांबलंय ते बोर्डवर दिसतं, जास्त थांबलेला आपोआप वर जातो. मामांनी फक्त वरचा नंबर पुकारायचा. तरी आज सकाळपासून मामांच्या गावाकडच्या चार गाड्या आल्या-आल्या आत गेल्या. त्यातली एक यांच्या सख्ख्या भाच्याची. लोक म्हणतात, यांना आजच्या आज घरी बसवा. संध्याकाळी चेअरमन येतायत. तोवर मला काहीतरी निर्णय दाखवावा लागेल."

"साहेब, म्या सकाळीच बोललो की," मामा म्हणाले, "बोर्ड येड्यावानी करायलाय. तुमीच म्हणलात, कम्प्युटर चुकत न्हाई, बोर्ड सांगंल तेच पुकारा. म्या पुकारलं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला मामांचा चेहरा बघवेना. चोरी न करता पकडलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

बालाजीला मी केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, ओरडू नका, नीट सांगा.

"मॅडम, काल गव्हाणीची चेन तुटली, मिल बंद पडली. आज सकाळी चालू झाली. दुपारी बाराच्या आधी माझा नंबर बोर्डावर एक नंबरला होता. एक नंबरला! म्या ट्रॅक्टर चालू केला. वर बघतो तर मी सगळ्यात खाली!"

मी कान टवकारले. "बोर्डावर वेळ काय होती तुमच्यापुढे?"

"आधी तेवीस तास एकोणसाठ मिनिटं. मग शून्य."

आता खरं सांगते, मला हसू यायला लागलं. बाहेर एवढी भांडणं आणि ही बया हसतेय, असं साहेबांना वाटलं असणार. पण बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सापडायच्या आधी पोटात जी गुदगुली होते, ती लपवता येत नाही.

मी लॉग उघडला. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला काय सांगतो, ते सगळं लॉगमध्ये उमटत असतं. वेळ मोजणारा प्रोग्रॅम आमच्याकडे सांभाळायला असलेला, पायथन भाषेतला होता. आत्ताच्या वेळेतून येण्याची वेळ वजा करायची, अंतर निघतं. ते अंतर मजकूर म्हणून बोर्डाला पाठवायचं. बालाजीच्या गाडीसाठी गेलेला मजकूर असा होता: 1 day, 2:10:00. एक दिवस, दोन तास, दहा मिनिटं.

पायथनला अंतर लिहायला सांगितलं आणि कसं लिहायचं ते सांगितलं नाही, तर ते असंच लिहितं. दिवस वेगळा, मग स्वल्पविराम, मग तास-मिनिटं. माणसाला वाचायला सोपं. पण बोर्ड पुण्याच्या एका कंपनीचा. त्याला दिवस-बिवस कळेना. त्यानं स्वल्पविरामापर्यंतचं सोडून दिलं आणि पुढचं घेतलं. सव्वीस तासांचे झाले दोन. रोज कुणी दिवसभर थांबत नाही, म्हणून ही चूक झाकली गेली होती. चेन तुटली आणि ती उघडी पडली.

"सापडलं!" मी खुर्चीतून उठलेच. "बालाजीभाऊ, तुम्ही चोवीस तास पूर्ण केले आणि बोर्डानं तुमचा अख्खा दिवस खाल्ला!"

बालाजी मामांकडे बघायला लागला. पण साहेब पक्के. "हे ठीक. कालचे खाली गेले. पण मामांच्या गावचे वर कसे आले?"

अरे देवा. हा प्रश्न रास्त होता. मामांनी मान खाली घातली. मी भाच्याच्या गाडीची ओळ शोधली. -1 day, 23:50:00. आल्या-आल्या तेवीस तास पन्नास मिनिटं? आधी मीही चक्रावले. मग पुढची ती बारीक आडवी रेघ दिसली. वजा!

आपण पावणेसहा म्हणतो, म्हणजे सहाला पाव कमी. पायथनचंही तसंच आहे. वजा दहा मिनिटं लिहायची तर ते म्हणतं, एक दिवस मागे जा आणि तेवीस तास पन्नास मिनिटं पुढे ये. बोर्डानं नेहमीसारखा पहिला तुकडा टाकला, उरले तेवीस पन्नास. गाडी थेट टॉपला. म्हणजे भाचा यार्डात आला तो दहा मिनिटांनंतरच्या वेळेला! येण्याची ही वेळ टाकली कुणी?

"मागच्या गेटनं आला त्यो," मामा म्हणाले. "पुढं गर्दी झाली म्हणून आज सकाळी मागचं गेट उघडलं. आमच्या गावचा रस्ता तिकूनच हाय."

मी जवळजवळ पळतच मागच्या गेटला गेले. साहेब, मामा, बालाजी, सगळे माझ्यामागे. वॉचमन ख्वाजाभाई गाड्यांचे नंबर स्वतःच्या मोबाइलवरून टाकत होते. मी माझा मोबाइल त्यांच्या मोबाइलशेजारी धरला. त्यांचा दहा मिनिटं पुढे.

"ख्वाजाभाई, हे असं का?"

"मुद्दाम ठेवलाय ना, मॅडम. चाकूरची एसटी हुकती न्हाई तर. घरचं घड्याळ बी पुढंच हाय."

आता यांना काय बोलणार? नांदेडला माझ्या आईचं घड्याळही एसटीच्या धाकानं पुढेच धावतं. मराठवाड्यात घड्याळ बरोबर असलेलं घर दाखवा आणि बक्षीस न्या. मला तर नाचावंसं वाटत होतं. वशिला नाही, लबाडी नाही, दहा मिनिटं पुढे ठेवलेला एक मोबाइल!

परत येऊन दुरुस्तीला बसले. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं होतं की अंतर आयएसओच्या प्रमाण पद्धतीनं पाठवा. ते कुणी वाचलंच नव्हतं. ही पद्धत साधी आहे. P म्हणजे कालावधी, T म्हणजे इथून तास-मिनिटं सुरू, आणि प्रत्येक आकड्यानंतर त्याचं एकक. सव्वीस तास दहा मिनिटं म्हणजे PT26H10M. दिवस मी ठेवलाच नाही, सगळे तासच. गळायला काही उरायलाच नको. वजा उत्तर आलं तर प्रोग्रॅमनं थांबून ओरडायचं. आणि गेटची वेळ मोबाइलची नाही, सर्व्हरची.

प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. बोर्ड क्षणभर काळा झाला. मग आकडे आले. सगळ्यांत वर बालाजी. बाहेर एकच गलका झाला.

साहेबांनी हात झटकले. "चला, मिटलं. मामा, लागा कामाला."

मामा जागचे हलले नाहीत.

"साहेब, आळ यार्डात आलाय. केबिनमधी कसा मिटंल?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बिघडतंय. पण ते उठले, माइकजवळ गेले, घसा साफ केला. "सर्वांनी ऐका. चूक बोर्डाची होती. तो बसवला आम्ही आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला लावला मी. बिराजदार मामांचा यात काही दोष नाही." भोंग्यातून ते शब्द पार रस्त्यापर्यंत गेले. मामांनी रुमालानं डोळे पुसले आणि माइक हातात घेतला. पुकारलं, "नायगाव, बालाजी. या."

बालाजी दारातच होता. "मामा, म्या लई बोललो तुमाला."

"बोललास. आधी ऊस खाली कर, त्यो वाळायलाय. माफीचं मग बघू."

कालावधी पाठवताना एकक सोबत पाठवावं आणि वजा चिन्ह नीट पाहावं. कम्प्युटर चुकत नाही असं सांगणाऱ्याकडे तर आधी मॅन्युअल मागावं.