पहिल्या पानावरचं नाव

पाळकसाहेब बेळगावला गेले होते, म्हणून आमच्या कोल्हापुरातल्या चर्चमध्ये त्या रविवारचा संदेश द्यायचं काम माझ्याकडे आलं. मोबाईलवरच्या शिकवणीतून मी नुकतंच थोडं ग्रीक शिकलो होतो आणि ते चार लोकांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, ग्रीकमध्ये 'ग्राफे' म्हणतात, मी सांगितलं, आणि त्याचा साधा अर्थ 'लिहिलेलं'. माना हलल्या. मी फुगलो.

उपासना सुटल्यावर एक मावशी आपलं शास्त्र घेऊन पुढं आल्या. त्या हातकणंगल्याहून एसटीनं येतात. आमच्यात घरच्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत आहे. मावशींच्या पानावर एकच नाव होतं, त्यांच्या पहिल्या मुलीचं. ती बाप्तिस्म्याआधीच गेली. बाकीच्या लेकरांची नावं रेशनकार्डावर तरी होती. हिचा ना फोटो, ना दाखला. जे काय होतं ते या पानावर.

"सर, मग हे बी ग्राफेच की?"

माझी दुरुस्ती तयारच होती. "नाही मावशी. अर्थ तसा असला तरी नव्या करारात तो शब्द देवाच्या वचनालाच वापरलाय. घरचं लिखाण त्यात धरत नाहीत."

"व्हय का," म्हणत त्यांनी शास्त्र पिशवीत ठेवलं. मी चहाकडे वळलो.

पुढच्या रविवारी त्यांनी ते पान मला उघडून दाखवलं. नावावर पांढरा कागद खळीनं चिकटवला होता, कडा अगदी सरळ कापून.

"देवाच्या पुस्तकात आपलं काय लिवायचं न्हवतं. इतकी वर्सं कुणी बोललंच न्हाय. बरं झालं सांगितलंसा."

त्या मनापासून आभार मानत होत्या आणि माझी मान वर होईना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या ग्रीकची मला शिसारी आली.

"मावशी, चुकलो मी. हेही ग्राफेच. मला काय कळतंय त्यातलं?"

त्या हसल्या. मी समजूत काढतोय असंच त्यांना वाटलं. मग मी नखानं कागदाचा कोपरा उचलायला गेलो, तर खालचं पानही त्याच्याबरोबर सुटायला लागलं.

मावशींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या सर. देवाचं पान फाटंल."