केशराले काटे

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सासरच्या करडईची मुंडकी खुडली. एकदोन झाडांची नाही. हरभऱ्याच्या कडेने पेरलेले, रस्त्याकडचे दोन तास, म्हणजे दोन लांबच लांब ओळी, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्कल माझी स्वतःची होती, आणि ती मी माहेराहून सोबत आणली होती.

माहेर वाशीमला लागून, मळ्याचं. मेथी, पालक, वांगी आणि बांधाने झेंडू. शाळेत जायच्या आधी झेंडू खुडायचं काम आम्हा भावंडांकडे. झेंडूचं फूल मानेपासून मोडायचं, आणि जितकं मोडाल तितका तो आणखी फुलतो. त्यामुळे माझी पक्की समजूत अशी की फूल दिसलं की खुडावं, झाड आपल्यावर खूश होतं.

सासर जऊळक्याकडे, कोरडवाहू. तिथे हरभऱ्याच्या चारी अंगांनी करडई पेरायची. तिच्या काट्यांना भिऊन गुरं आत शिरत नाहीत, आणि तिचं बोंड भरलं की त्यातल्या दाण्याचं घरात वर्षाचं तेल. राखणही करते आणि कढईही भरते. हे मला कुणी सांगायला तयार नव्हतं असं नाही, मीच विचारलं नाही. विचारलं तर मळ्यातली पोर अडाणी ठरेल, ही भीती. न विचारून काय ठरली ते आता ऐका.

संक्रांत झाली आणि धाकटा भाऊ मला न्यायला येणार असा निरोप आला. माझ्या डोक्यात आलं, भावाने घरी जाऊन सांगितलं पाहिजे की बाईच्या सासरी भात केशराचा असतो. केशर मी तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण आई सांगायची की करडईच्या वाळलेल्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकल्या की अगदी केशरासारखा रंग सुटतो. त्यातला ‘वाळलेल्या’ हा शब्द माझ्या कानात शिरलाच नाही. मला वावरात डोलणारी पिवळीधमक फुलं दिसत होती.

भाऊ यायच्या दिवशी सासू शेजारच्या गावाला गेली होती. मी हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि भर दुपारी वावरात उतरले. करडई दुपारी किती टोचते ते ज्याला माहीत आहे, तो इथेच हसेल. दोन टोपली बोंडं आणली. काट्यांसकट ती कुस्करली, पाकळ्या आणि जे काही हाताला लागेल ते पातेल्यात टाकलं, आणि मूठभर पुरत नाही म्हणून आणखी मूठभर. त्या पोरीला आज मी कुठे भेटले, तर तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून तिलाच त्यात बसवीन.

भात पिवळा झाला, हे कबूल करते. भावाने पहिला घास घेतला आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग जिभेवरून काहीतरी दोन बोटांनी काढलं, ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, “अवं बाई, केशराले काटे रायतेत काय?”

दुसरा घास त्याने घेतला नाही. घेतला असता तर भात कडू आहे हेही कळलं असतं.

संध्याकाळी सासू आली ती वावरावरूनच. हातात करडईचं एक बिनमुंडक्याचं झाड. मी चुलीमागे. तिने ते झाड माझ्यासमोर धरलं.

“हे काय केलं वं?”

“फुलं तोडली, आत्याबाई.”

“फुलं नाई तोडली. तेल तोडलं.”

मी रडायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, रडलं की प्रकरण मिटतं, माहेरी मिटायचं. सासूने माझं रडणं पूर्ण होऊ दिलं. मग मला हाताला धरून, अंधार पडायच्या आत, पुन्हा वावरात नेलं. मागच्या बाजूच्या ओळी शाबूत होत्या. त्यातलं एक लवकर आलेलं, सुकत चाललेलं बोंड तिने दाखवलं. त्यावरची पाकळी पिवळी राहिली नव्हती, तांबडी होऊन कोमेजली होती. सासूने नुसत्या चिमटीने ती उपसली. काटा नाही, बोंड नाही, फक्त पाकळी हातात आली.

“पिवळी आहे तवरिक ते झाडाची. तांबडी होऊन वाळली का मंग आपली. खाली दाना भरते, वर रंग भेटते. दोन्ही भेटते, पन घाई केली का एकबी भेटत नाई.”

त्या वर्षी घाण्यावर नेहमीपेक्षा लहान पोतं गेलं. पुढे वर्षभर सासू कढईत तेल ओतताना आधी कढईकडे बघायची, मग माझ्याकडे. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता मीच सासू आहे, आणि आजीही. कढईकडे बघायची पाळी माझी. पण माझी सून माझ्यासारखी नाही, ती आधी विचारते. अति विचारते. गावात वाढदिवसाचे केक करायचं तिने फोनवर बघून शिकून घेतलं. एकदा नातीच्या वाढदिवसाला दुकानातला निळा रंग घातला, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या पोरांच्या जिभा निळ्या. नात आरशासमोर उभी राहून जीभ काढून स्वतःलाच घाबरवत होती. सून म्हणाली, “आई, रंग घरचाच पायजे.” त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर फुलं वाळतात. कुंपणावरची गोकर्ण निळ्यासाठी, दारची जास्वंद लालसाठी, आणि पिवळ्याला करडई. ती विचारते आणि मी सांगते: उन्हात नको, रंग उडतो. सावलीत, सुती कापडावर, एकावर एक पडू न देता. दिवसातून एकदा हात फिरवायचा. डबा कोरडा पाहिजे. मी एवढं शहाण्यासारखं बोलते की कधीकधी माझाच विश्वास बसतो.

गोकर्णीचं पाणी तर नातीचं आवडतं. निळंशार पाणी, त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. शेजारची पोरं रांग लावून बघतात. मी त्यांना सांगते की हे फक्त खरं बोलणाऱ्याच्या हातून होतं. मग जो तो लिंबू पिळताना तोंड गंभीर करतो.

अडचण होती ती माझ्या मुलाची. आता सगळीकडे यंत्र फिरतं. हरभरा यंत्राने काढतात आणि कडेची करडई त्याला आडवी येते. मजूर काट्यात हात घालायला तयार नाहीत. मुलाने यंदा जाहीर केलं, “पुढच्या साली करडई बंद. धुऱ्यापर्यंत हरभराच पेरतो.”

सून पोळी लाटत राहिली. पोळी गोल झाली नाही. मला कळलं. गोकर्ण कुंपणावर येते, जास्वंद दारात येते, पण ओंजळभर करडई कुंड्यांत लावून भागत नाही. वावरातली करडई गेली की तिचं हे काम पुन्हा केकवरच्या नक्षीएवढं उरणार. आणि तिला त्याचं काहीतरी मोठं करायचं होतं. तिने शेलूबाजारच्या एका हलवायाशी फोनवर बोलून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, नमुना आणा, बघू.

रात्री जेवताना मी मुलाला म्हटलं, “हलवायानं माल घेतला तर?”

“घेतला तर ठेवतो.”

“आन नाई घेतला तर?”

“तर हरभरा.” मग माझ्याकडे बघून, “माय, तू कायले मधात पडून राह्यली? तुले तर करडई दिसली का पळ काढाले पायजे.”

भावाच्या काट्याची गोष्ट या घरात प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. मुलाने ती माझ्या सासूच्या मांडीवर बसून ऐकली आहे.

माघ संपत आला तशी पाकळी तांबडी झाली. सून आणि मी पहाटे वावरात जायचो. दव असतं तोवर काटा नरम असतो. ऊन चढलं की तो जागा होतो. चिमटीने पाकळी उपसायची, ओच्यात टाकायची. बोंडाला धक्का नाही. एका बोंडावर पाकळी ती किती! सकाळभर वाकून ओचा भरायचा आणि वाळल्यावर तो वाटीत मावायचा. सून म्हणाली, “आई, तुमी दोन टोपले एका दुपारी कसे भरले असतीन?” मी म्हटलं, “मूर्खपणाचे हात लय चालते बाई.”

एक डबा भरला तेव्हा आम्ही जीपने शेलूबाजारला गेलो. हलवाई तरुण होता, कपाळावर घाम, मागे कढईत जिलबी. त्याने डबा उघडला, वास घेतला. “बरं दिसते. बघू.” आणि फ्रीजमधल्या थंड दुधाच्या पेल्यात चिमूटभर पाकळ्या टाकून चमचा फिरवला.

दूध पांढरं ते पांढरंच. पाकळ्या वर तरंगत राहिल्या.

“वहिनी, रंग तर येऊन नाई राह्यला,” तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावायला लागला. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी त्याच्या हातातलं झाकण काढून घेतलं. “बापू, बाटलीतल्या रंगाले घाई चालते, फुलाले नाई चालत. एक वाटी कोमट पानी दे, आन मले चहा पाज.”

“चहा?”

“चहा पिऊन होईपर्यंत थांबाचं. तेवढाच टाइम लागते.”

त्याने हसत चहा सांगितला. वाटीत चिमूटभर पाकळी बोटाने चुरून टाकली. तो दुसरी चिमूट टाकायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. जास्त झालं की कडू होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! चहा संपत आला तसं पाणी आधी लिंबाच्या रंगाचं, मग हळदीचं, मग असं झालं की जणू वाटीच्या तळाशी ऊन बसलंय. त्याने ते गाळून श्रीखंडाच्या एका वाटीत कालवलं. चाखलं. पुन्हा चाखलं.

“रंग तर चांगला आहे,” तो म्हणाला. “पन आजी, करडई आहे ना हे? गिऱ्हाइकाच्या तोंडात एखादा काटा गेला तर माह्यी दुकानदारी बंद होईन.”

हा प्रश्न रास्त होता. सून उत्तर शोधत होती. उत्तर माझ्याकडे होतं, फक्त ते सांगायला लाज वाटत होती. मग वाटलं, इतकी वर्षं घरातल्यांनी ती गोष्ट फुकट सांगितली, आज मी ती कामाला लावते. मी त्याला सगळं सांगितलं: दोन टोपली, लुगड्याच्या चिंध्या, मूठ आणि आणखी मूठ, भावाचं उघडं तोंड. जिलबी तळणारा कारागीर झारा हातात धरून ऐकत राहिला, आणि एक जिलबी करपली.

“तवा मी बोंड तोडलं होतं, म्हनून काटा आला,” मी म्हटलं. “आता आमी बोंडाले हात लावत नाई. वाळलेली पाकळी तेवढी चिमटीनं उपसतो. बघ.” आणि अख्खा डबा त्याच्या पांढऱ्या कागदावर ओतला. “फिरव हात.”

त्याने तळहात फिरवला. आधी भीत भीत, मग जोरात. मग कारागिरालाही फिरवायला लावला. मग चिमूटभर सरळ तोंडात टाकून चावली आणि माझ्याकडे बघून दात काढले.

“हा डबा ठेवून जा,” तो सुनेला म्हणाला. “सध्या श्रीखंडात टाकतो. लोकं काय म्हनतेत ते पाहून सांगतो.”

परतताना जीपमध्ये मांडीवर डबा नसल्याने हात कुठे ठेवावेत ते सुनेला कळत नव्हतं.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी मुद्दाम ओसरीत बसून शेंगा फोडत होते. सून “हो, हो,” म्हणत अंगणात फेऱ्या मारत होती, मग थांबली, मग तिने पदराने डोळे पुसले आणि ओरडून सांगितलं की डबा संपला, आणखी दोन पाहिजेत, आणि पाडव्याला बासुंदीसाठी वेगळे. आणि गोकर्णीचं ते निळं-जांभळं पाणीही एकदा दाखवायला बोलावलं आहे, उन्हाळ्यात सरबताला.

मुलगा बैलांना पाणी दाखवून येत होता. त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. पायरीवर बसून हातपाय धुतले. एवढा वेळ घेतला, की त्याच्या आजीची आठवण झाली. मग तोंड पुसत माझ्याकडे वळून म्हणाला:

“पुढच्या साली करडईचे दोनाऐवजी चार तास पेरतो. पन माय, फुलं पिवळे आहेत तवरिक तू त्या धुऱ्याकडे फिरकाचं बी नाई.”