केळीच्या चेंबरमधला क्लाउड

धुळ्याच्या पराग नावाच्या सेल्समनने सावद्याच्या नानांना फसवलं आणि नानांनी मला. परागने जाणूनबुजून फसवलं. नानांनी त्याच्यावर विश्वास ठेवून दिलेला शब्द फिरवला. याचा परिणाम म्हणून आठ कोरी ग्राफिक्स कार्डं जळगावात माझ्या दुकानाच्या शेल्फवर धूळ खात पडली.

मी बावीस वर्षं कम्प्युटर असेंबल करून विकते. म्हणजे कंपनीचा तयार डबा विकत नाही. प्रोसेसर एकीकडून, रॅम दुसरीकडून, कॅबिनेट तिसरीकडून घेते आणि गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे मशीन जुळवते. हे मला कोणी शिकवलं नाही. टायपिंग क्लासमध्ये नोकरीला होते, तिथली बंद पडलेली मशीनं उघडून शिकले. अजूनही नवं गिऱ्हाईक दारातून आत डोकावून विचारतं, "मालक कुठे गेले?" मी म्हणते, "समोर उभे आहेत. बोला." मग ते जरा खुशीत येतात. बाई आहे, भाव पटकन सोडेल, असं त्यांना वाटतं. चहा संपेपर्यंत हा गैरसमज दूर होतो.

नाना तसे नव्हते. ते केळीचे व्यापारी, घासाघिशीत मुरलेले. धुळ्याला हायवेजवळ त्यांचं एक पिकवणीचं चेंबर होतं. हिरवी केळी बागेतून येतात, ती अशा बंद खोलीत ठरावीक थंडाव्यात ठेवून, गॅस सोडून पिकवतात. भिंती म्हणजे जाड फोमचे पॅनेल, दोन्ही बाजूंनी पत्रा. दाराला रबराची पट्टी, हवासुद्धा बाहेर जाता कामा नये. धंदा सावद्याकडे हलवल्यावर हे चेंबर रिकामं पडलं, आणि नानांच्या सुनेला, प्राजक्ताला, तिथे गेमिंग झोन काढायचा होता. ती कम्प्युटर इंजिनियर, पुण्याची नोकरी सोडून आलेली. सासऱ्यांना तिने एकच गोष्ट सांगितली होती: गेमिंगची मशीनं प्रचंड तापतात, आणि आपल्याकडे थंडीची सोय आधीच आहे.

नानांना ते पटलं. अट मात्र एक घातली. "पॅनेलले भोक पाडायचं नाही. तुमचा खेळ नाही चालला तर मले पुन्हा केळी लावता आली पाहिजे."

आठ पीसींचं कोटेशन मी दिलं. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत नाना उठून गेले, दुसऱ्या बैठकीत मी उठले. दुकान माझंच होतं, त्यामुळे मला बाहेर जाऊन रसवंतीवर उभं राहावं लागलं. तिसऱ्या बैठकीत ठरलं. नाना म्हणाले, "ताई, शब्द झाला. माल मागव." मी मागवला. आधी ग्राफिक्स कार्डं आली, रॅम यायची बाकी होती.

आठच दिवसांनी त्यांचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला. "ताई, ते पीसीचं राहू दे आता. पीसीचा जमाना गेला म्हनतात. आता गेम ढगातून येतो."

मी फोन लावला. "कोणत्या ढगातून, नाना?"

"क्लाउड. धुळ्याच्या परागनं दाखवलं, मी सोता पाह्यलं. साधा टीव्ही, बाजूले एक छोटा डबा, आन् गाडी अशी पळू राह्यली होती, तुले काय सांगू."

"आणि मी मागवलेल्या मालाचं काय?"

"तू विकशीन कोठीबी. तुह्यासारखी हुशार बाई जळगावात दुसरी नाही."

ही स्तुती मला फार महागात पडली.

इथे वाचकांना थोडं समजावते. गेम खेळायचे आज तीन मार्ग आहेत. पीसी म्हणजे शिवून घेतलेले कपडे. आज महाग पडतात, पण उद्या पोट सुटलं तर शिवण उसवता येते. रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड बदला, बाकीचं तेच ठेवा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. गेमिंग मशीनच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच. कन्सोल म्हणजे तयार कपडे. टीव्हीला जोडला की खेळ सुरू, डोक्याला ताप नाही, पण आतलं फारसं काही बदलता येत नाही. आणि क्लाउड म्हणजे भाड्याचे कपडे. गेम दूर कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या मशीनवर चालतो, आपल्याकडे इंटरनेटवरून फक्त चित्र येतं. आपण बटण दाबलं की तो निरोप तिकडे जातो, तिकडून बदललेलं चित्र परत येतं. या जाण्यायेण्याच्या वेळेला पिंग म्हणतात. पिंग कमी असेल तर काही कळत नाही. वाढला की तुम्ही ब्रेक दाबेपर्यंत गाडी भिंतीत गेलेली असते.

म्हणजे क्लाउड खोटा नाही. चांगल्या लाइनवर तो चालतो, मी स्वतः पाहिलाय. तरी मला राग होता, आणि तो वाढायला आणखी एक कारण होतं. मोठमोठी डेटा सेंटर उभारायला चिप आणि मेमरी इतकी लागते आहे की माझ्यासारखीला रॅम मिळेना, आणि मिळाली तर भाव चढलेला. म्हणजे यांच्यामुळे माझा माल महाग होणार, आणि मग हेच येऊन माझ्या गिऱ्हाइकाला सांगणार की पीसी महाग पडतो.

उद्घाटनाला पाच दिवस राहिले तेव्हा प्राजक्ताचा फोन आला. कॉलेजच्या सोळा टीमनी टूर्नामेंटला नावं दिली होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि चेंबरमध्ये एकही गेम धड चालत नव्हता.

"पराग म्हणतो, सर्व्हरवर लोड आहे, उद्या होईल," ती म्हणाली. "चार दिवस झाले, रोज उद्याच होणार आहे. नाना माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना नुसते ताटाकडे बघतात. हे फसलं ना ताई, तर या घरात मी पुन्हा काही सुचवायची सोय राहणार नाही."

मी मदतीला गेले असं म्हणणार नाही. मी भांडायला गेले. सकाळची बस पकडून धुळ्याला उतरले, तोंडात वाक्यं तयार करूनच.

चेंबर मात्र बघण्यासारखं केलं होतं. निळे दिवे, गुबगुबीत खुर्च्या, आठ टीव्ही, मस्त गारवा. कोपऱ्यात पराग लॅपटॉप घेऊन बसलेला, अंगात कोट. त्याच्या शेजारी, पॅनेलला भोक नको म्हणून आणलेला फाइव्ह-जीचा राउटर, म्हणजे मोबाइलसारखं टॉवरवरून इंटरनेट पकडणारा डबा. टीव्हीवर रेसिंगची गाडी अर्धी दिसत होती, बाकी चौकोन चौकोन.

"मॅडम, थोडा सर्व्हर लोड आहे," पराग म्हणाला.

"तुमचा सर्व्हर सोमवारपासून लोडवर आहे?"

"नवीन टेक्नॉलॉजी आहे, मॅडम. तुम्ही हार्डवेअरवाले, तुम्हाला ते जुनंच..."

"मला आधी दुकानात फोन करू द्या, मग जुनं-नवं बघते." मी फोन काढला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. हात वर करून खोलीभर फिरले. पराग लॅपटॉपमध्ये बघत राहिला.

चेंबरचा वॉचमन, आबा, लावलेल्या दाराला आतून टेकून माझी ही कवायत पाहत होता. तो म्हणाला, "ताई, आठे फोन लागत नही. बठ्ठा जण बाहेर यीसन बोलतस."

"इथे फोन लागतच नाही? कधीपासून?"

"पहिलापासून. केळी व्हती तव्हाबी लागे नही."

मी फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. ज्या खोलीतून गॅस बाहेर जात नाही, तिच्यात टॉवरचा सिग्नल आत कुठून येणार? इंजिनियर सून, अनुभवी व्यापारी, कंपनीचा माणूस आणि बावीस वर्षं धंद्यात असलेली मी. कोणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आबाला ते केळीच्या काळापासून माहीत होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"आबा, दार सताड उघडा," मी म्हणाले.

दार उघडलं. अर्ध्या मिनिटात टीव्हीवर पूर्ण गाडी दिसायला लागली.

"लावा."

दार लागलं. गाडीचे पुन्हा चौकोन झाले. मी हे चार वेळा करायला लावलं. दोनदा पुरलं असतं, पण तोवर नाना येऊन उभे राहिले होते आणि त्यांनीही नीट पाहावं अशी माझी इच्छा होती.

नाना म्हणाले, "पन डेमोले तर चांगलं चाललं होतं."

"डेमो कुठे झाला होता?" मी विचारलं.

"बाहेर. ओट्यावर."

"ओट्यावर का?"

याचं उत्तर प्राजक्ताने दिलं, हळूच. "आधी त्यांनी आतच लावलं होतं, नाना. तुम्ही यायच्या आधी अर्धा तास. मग म्हणाले, आत फार गार आहे, नानांना थंडी बाधेल, आपण बाहेर बसू."

सगळ्यांनी परागकडे पाहिलं. त्याने कोटाचं बटण लावलं.

"खरंच गार होतं," तो म्हणाला.

नाना फार शांतपणे बोलले. "वीस वर्सं या चेंबरात उभा आहे मी. मले थंडी बाधते?"

परागने मॅनेजरला फोन करायला बाहेर जातो म्हणून सांगितलं. बाहेर फोन लागतच होता. त्याने तो गाडीत बसून लावला असावा, कारण गाडी निघून गेली.

आता भांडायला मी आणि नाना उरलो. नानांनी वेळ घालवला नाही. "ताई, तुहे आठ पीसी आण. ठरल्या भावात."

"ठरलेला भाव तुम्ही मोडलात. रॅमचा भाव वाढला."

"किती?"

मी सांगितलं.

"लूट आहे."

"आहे ना. पण मी लुटत नाही, मला लुटलंय."

"शब्द झाला होता आपला."

"तो तुम्ही व्हॉट्सअॅपवर परत पाठवलात."

प्राजक्ताने खुर्ची मागे सरकवली. तिला वाटलं, आता उरलेले पाच दिवस यातच जाणार. मग मी नानांना एकच विचारलं. केळीपट्ट्यात रोजचा भाव जाहीर होतो, त्याला बोर्ड म्हणतात. आज व्यवहार व्हायचा तो आजच्या बोर्डाने. "नाना, गेल्या महिन्याच्या बोर्डाने आज तुम्ही मला केळीची गाडी भरून द्याल?"

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "कार्डं कवाची घेतलेली?"

"जुन्या बोर्डाची."

"मग कार्डं जुन्या बोर्डानं. रॅम आजच्या."

हा हिशेब चोख होता. मला त्याहून जास्त काढता आलं असतं, पण समोरचा माणूस नियमाने बोलला की माझं तोंड बंद होतं. ही माझी जुनी खोड आहे.

एक गोष्ट मी स्वतःहून कमी केली. आठ पीसी तिथे नकोच होते. सहा पुरे. फुटबॉलचे आणि मारामारीचे गेम पोरं सोफ्यावर रेलून, एकमेकांना ढकलत खेळतात. तिथे कन्सोलच बरा, दोन लावले. आणि क्लाउडसुद्धा काढला नाही. प्राजक्ताने शोधून काढलं की पूर्वी चेंबरमध्ये ओलावा सोडणारा एक पाइप होता, तो आता बंद आहे. त्याच्यातून बाहेरच्या फायबरची केबल आत घेतली. पॅनेलला भोक पडलं नाही. दोन टीव्ही क्लाउडवर टाकले, नवे गेम विकत घेण्याआधी चाखून बघायला. केबलवर ते व्यवस्थित चालतात. मला कबूल करायला आवडत नाही, पण चालतात.

सहा मशीनं जळगावला जुळवली, गेम तिथेच उतरवून घेतले आणि टेम्पोने धुळ्याला आणली. टूर्नामेंटसाठी ती एकमेकांना वायरने जोडली. त्या खेळाला बाहेरच्या इंटरनेटची गरजच नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत सोळा टीमची पोरं गारव्यात बसून एकमेकांच्या नावाने ओरडत होती. चेंबरचा हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. दार लावलं की रस्त्यावर काही ऐकू जात नाही. नाना मागे खुर्ची टाकून बसले होते. कोण कोणाला मारतंय ते त्यांना कळत नव्हतं, पण ते प्रत्येक मेलेल्या पोराला विचारत होते, "तू का मेला रे? भाव चुकला का?" जेवायला बसल्यावर त्यांनी सुनेला दुसरं चेंबरही देऊ केलं, भुसावळ रोडचं. मला ते तिनेच फोनवर सांगितलं, हसत.

लोक मला विचारतात, पुढे काय टिकणार? पीसी की कन्सोल की क्लाउड? मी विचारते, खोली कशी आहे, भिंत कशाची आहे, लाइन कोणती आहे, आणि खेळणार कोण. जो हे न विचारता उत्तर देतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि डेमो जिथे माल चालवायचा आहे तिथेच घ्या, दार लावून.

दोन कार्डं अजून माझ्याकडे पडून आहेत. ती विकली जातील, त्याचं दुःख नाही. पण परागच्या कंपनीने नानांनी आधी भरलेला अॅडव्हान्स परत दिलेला नाही. पत्राला उत्तर आलं, त्यात लिहिलं आहे की ग्राहकाच्या जागेतील अडचणीला कंपनी जबाबदार नाही. ठीक आहे. मग त्या कंपनीच्या साहेबाने धुळ्याला यावं, चेंबरमध्ये नानांच्या समोर बसावं आणि एवढंच सांगावं: जागेत अडचण आहे हे आपल्या माणसाला डेमोच्या अर्धा तास आधी कळलं होतं, तर त्याने टीव्ही उचलून ओट्यावर कोणाच्या सांगण्यावरून नेला?