एक, सहा, अकरा

आमची बिल्डिंग नागपूरच्या वाडीत, अमरावती रोडला लागून. खाली पार्किंग, वर चार माळे, चोवीस घरं, आणि चोवीस घरांत चोवीस वायफायचे डबे. आपला डबा कुठल्या चॅनेलवर चालतो हे एकालाही माहीत नव्हतं. मला तर डब्याला चॅनेल असतं हेच माहीत नव्हतं.

ते शिकायची पाळी आली पोरीमुळे. पुण्याच्या एका कंपनीत तिची व्हिडिओवर मुलाखत होती. तिसऱ्याच प्रश्नाला ती पडद्यावर थिजली. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. तिकडच्या मॅडमनी थोडा वेळ तो अवतार पाहिला आणि कॉल बंद केला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मग त्यांचाच मेल आला की पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता पुन्हा घेऊ, पण ही शेवटची संधी. आता काहीही करून नेट चाललं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

नेटवाल्याला बोलावलं. त्याने मोबाइलवर एक आलेख दाखवला. एकावर एक चढलेले डोंगर नुसते.

"काका, बिल्डिंगमधले अठरा डबे एकाच चॅनेलवर हायेत. एक बोलून राहिला की बाकीच्यायले थांबा लागते. दोघं संगतच बोलले तर दोघायचंही वाया जाते, मंग पुन्हा थांबा. वाटून घ्या. एक, सहा नाही तं अकरा. मधातला नंबर कोणी घेऊ नका, तो दोन्हीकडं तरास देते."

एवढी सोपी गोष्ट. मी पार्किंगमध्ये मीटिंग लावली आणि समजावून सांगितली. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "मी अध्यक्ष हाओ. मले एक नंबर पाहिजे." झालं. त्यानंतर सगळ्यांनाच एक नंबर पाहिजे होता. अकरा घ्यायला कोणी तयार होईना. एक जण म्हणे, "आमी काहून शेवटचं घ्यावं? आमी काय भाड्यानं राहतो?" मी म्हटलं, अहो, हा शाळेतला नंबर नाही, अकरावाल्याला काही कमी मिळत नाही. कोणी ऐकेना. डोकं सटकलं माझं. शेवटी माळ्यावार वाटणी ठरवली. पहिला माळा एक, दुसरा सहा, तिसरा अकरा, चौथा पुन्हा एक. चौथा माळा इतका खूश झाला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

दोन दिवसांनी आमचं नेट आधीपेक्षाही खराब. तपास केला तर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या काकूंनी परस्पर नऊ नंबर लावून घेतलेला. या काकू म्हणजे बिल्डिंगमधल्या प्रत्येक भांडणात मधे बसून दोघांनाही चहा देणाऱ्या.

"सहावाले बी आपले, अकरावाले बी आपले," त्या म्हणाल्या. "कोनासंग वाईट कायले घ्याचं? मनून मी मधातला घेतला."

"काकू, मधात बसून तुम्ही दोघायच्याही कानात बोलून राहिल्या ना."

त्यांना ते लागलं. अकरा लावला त्यांनी, पण चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच संध्याकाळी त्याच काकू घरोघरी फिरल्या आणि ठरवून आल्या की गुरुवारी चार ते पाच सगळ्यांनी आपापले डबे बंद ठेवायचे. "आपली पोट्टी हाये," एवढंच त्यांचं म्हणणं. ज्यांनी एक नंबरसाठी माझा जीव काढला होता ती सगळी माणसं हो म्हणाली. माझे डोळे भरून आले.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चारला दहा मिनिटं असताना माझ्या मोबाइलवर तोच आलेख उघडून पाहिला. एकच डोंगर, आमचा. पोरगी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली, दार लोटलं. तेवढ्यात बेल वाजली. काकू.

"घरी नेट नाही, टीव्ही बी त्याच्यावरच चालते. मनलं पोट्टीले धीर देऊ."

त्यांच्या मागे अध्यक्ष. त्यांच्या मागे अख्खा चौथा माळा. चार वाजेपर्यंत हॉलमध्ये सोळा माणसं बसली होती. नेट नाही तर घरी करायचं काय, हा प्रत्येकाचाच सवाल.

तीन मिनिटांत आतून रडवेला आवाज आला, "बाबा, अटकून राहिलं." मी आलेख पाहिला. डोंगर एकच. मग हॉलकडे पाहिलं. अध्यक्ष मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. काकूंच्या फोनवर भजन चालू होतं. आता आठवलं. वास्तूच्या दिवशी मीच मोठ्या तोऱ्यात प्रसादासोबत प्रत्येकाला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. फोन उंबऱ्याच्या आत आले आणि मालकांसारखेच न विचारता घुसले.

"फोन बंद करा सगळ्यांनी," मी दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणालो. "आताच्या आता."

सोळाही फोन बंद झाले. आणि त्यानंतर पाऊण तास सोळा नागपूरकर एका खोलीत तोंड न उघडता बसले. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. आत पोरीचं नेट असं चाललं की काय सांगू. हेडफोन लावले की ती जोराने बोलते, त्यामुळे शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता. प्रत्येक उत्तराला काकू मान हलवत होत्या.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, मी नागपूरच्या घरूनच काम करू शकते?"

बायकोने माझा हात धरला. सगळ्यांचे चेहरे उजळले.

"नको मॅडम," आमची पोरगी म्हणाली. "मला पुण्यालाच यायचंय. इथली माणसं खूप चांगली आहेत. पण इथे मला घटकाभर एकटीला बसता येत नाही. दम कोंडतो माझा."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. काकू उठल्या, आवाज नको म्हणून चपला हातात घेतल्या आणि गेल्या. मग एकेक करत सगळेच. मला काय वाटलं ते सांगतो. मला पोरीचा राग आला, आणि ती खरं बोलली म्हणून आणखी आला.

नोकरी लागल्याचं आठ दिवसांनी कळलं. गुरुवारी मात्र मुलाखत संपताच ती हसत बाहेर आली.

"बाबा, नंतर एकदाही अटकलं नाही. कोणी आलं होतं का?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

टेबलावर पाण्याचे सोळा ग्लास तसेच होते. तिने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते गोळा केले आणि धुवायला आत नेले.