आमच्या कॅम्पसमधली शिल्पं आणि देवरे सर

विद्यापीठात दोन गोष्टी आपोआप साठतात, मोडक्या खुर्च्या आणि किस्से. खुर्च्यांचा निदान कधीतरी लिलाव होतो. किस्से आमच्याकडेच राहिले. नाशिकला जुनी मंडळी भेटली की आम्ही ते सांगतो आणि हसतो.

मी नव्वदच्या सुमारास विद्यापीठाच्या लायब्ररीत लागले. इतिहासाचे देवरे सर माझ्यानंतर आले. सटाण्याकडचे, शांत माणूस. फक्त चिडले की अहिराणीत जात. कॅम्पस बांधला तेव्हाच्या हौशी कुलगुरूंनी चांगल्या कलावंतांकडून शिल्पं आणि चित्रं करून घेतली होती. ते कुलगुरू गेले, आणि ही कामं कुठे आहेत हेही लोक विसरले. देवरे सरांनी ती शोधायचं मनावर घेतलं.

पहिलं सापडलं कँटीनच्या मागे. जात्यावर दळणाऱ्या दोन बायका, सिमेंटच्या. एकीच्या डोक्यावर ओलं पोतेरं, दुसरीच्या खांद्यावर टेबल पुसायची फडकी. सरांनी कँटीनवाल्याला विचारलं, "हे काय आहे माहितीये का तुम्हाला?"

"स्टँड आहे ना सर. कपडे वाळवायचा. आम्ही आलो तेव्हापासून आहे."

सरांनी फडकी काढली. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच. महिनाभर हेच चाललं. शेवटी सरांनी स्वतःच्या खर्चाने त्याला नायलॉनची दोरी आणून दिली. त्याने ती एका बाईच्या मानेला बांधली आणि दुसरं टोक पेरूच्या झाडाला.

मग परीक्षा विभाग. तिथे लोखंडी कपाटांच्या रांगेमागे रंगीत फरशीच्या तुकड्यांचा वाघ आहे, असं सरांना कुठूनतरी कळलं. कपाटाच्या फटीतून बॅटरी मारली तर शेपूट दिसलं. सर हरखून गेले. मलाही बोलावून दाखवलं. तिथल्या क्लार्क बाई म्हणाल्या, "सर, वाघ पाहिजे असेल तर आधी एफ. वाय.च्या पेपरांना जागा द्या."

जागा मिळाली नाही. मी रिटायर झाले तोवर त्या वाघाचं शेपूटच पाहिलं होतं.

सायन्स बिल्डिंगसमोर काळ्या दगडाचं एक शिल्प होतं. नांगर धरलेला माणूस, पण साधेपणाने घडवलेला, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला नुसताच दगड वाटायचा. एका सकाळी पार्किंगसाठी जेसीबी आला. सर वर्ग अर्धवट टाकून पळत आले. "हाई काय शे? हाई काय शे?" हे काय आहे, एवढंच अहिराणीत ओरडत होते. तोवर माणूस एकीकडे आणि नांगर एकीकडे झाला होता. इस्टेट विभागाचे इंजिनिअर बोरसे साहेब मनापासून वाईट वाटून म्हणाले, "आधी सांगायचं ना सर, आर्ट आहे म्हणून. आम्ही जरा जपून तोडलं असतं."

यानंतर सर कुलगुरूंना भेटले. उरलेल्या कामांना पाट्या लावायच्या असं ठरलं. कँटीनमागच्या बायकांसमोर पहिली पाटी लागली. चांगली मोठी, लोखंडी, निळ्या रंगाची. 'येथे शिल्प आहे.' त्या पाटीमुळे शिल्प दिसेनासं झालं. सरांनी तक्रार केली नाही.

आता शेवटचं. सभागृहाच्या जिन्यावर एक भलंमोठं भित्तिचित्र होतं, पेठ तालुक्यातल्या भातलावणीचं. ते एकच धड दिसत होतं. काढणारे निकम मास्तर निफाडला असतात हे सरांनी शोधून काढलं आणि त्यांचा सत्कार ठरवला. मास्तर ऐंशीच्या घरातले. सोबत बायकोला आणणार म्हणाले. मास्तर ते चित्र काढत होते तेव्हा काकू गावी असायच्या, त्यामुळे त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

पाहुणे येणार म्हणून बोरसे साहेबांनी आदल्या दिवशी सगळा जिना भिंतींसकट रंगवून घेतला. पांढराशुभ्र.

आम्हाला कळलं ते मास्तर पायऱ्या चढत असताना. काकूंचा हात त्यांच्या हातात होता. काकूंना डोळ्यांनी दिसत नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

मास्तर भिंतीसमोर थांबले. खालून वरपर्यंत सगळी भिंत पाहिली. आमच्याकडे पाहिलं. देवरे सरांनी मान खाली घातली.

मग मास्तर काकूंना सांगायला लागले. "इकडून डोंगर सुरू होतो. खाली खाचरं, पाण्याने भरलेली. बायका वाकून भात लावतायत. त्यातली ही पुढची, ती तू."

"मी?"

"हिरव्या लुगड्यात."

"आणि चेहरा?"

"पाठमोरी आहेस."

काकू हसल्या. "म्हणजे चेहरा जमला नाही तुम्हाला."

"नाही जमला," मास्तर म्हणाले.

काकूंनी भिंतीच्या दिशेने तोंड केलं. मग विचारलं, "देवरे सर, एवढी वर्षं झाली. रंग टिकलाय का हो?"

सर म्हणाले, "हो काकू. कालच दिल्यासारखा आहे."